तीन महिन्यांचा वायदा



पेरणीचा अंदाज चुकला तर शेतकऱ्याचे घर बसते. लढाईचा अंदाज चुकला तर पुढाऱ्याचे काही बिघडत नाही. हे आम्ही हवेत बोलत नाही. कापसाच्या मुलखात झालेल्या एका लढाईचा हिशेब समोर आहे.

एप्रिल १८६१. अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण भिडले. अध्यक्ष लिंकन यांनी ७५ हजार माणसे मागितली, तीही तीन महिन्यांसाठी. दक्षिणेचे पुढारी गुलामगिरी टिकवायला उठले होते. ते सांगत, कापूस राजा आहे, त्याच्यासाठी इंग्लंड धावत येईल. इंग्लंड आले नाही. तीन महिन्यांची चार वर्षे झाली. सहा लाखांवर सैनिक मेले.

मेले कोण? उत्तरेत १८६३ च्या सक्तीच्या भरतीत ३०० डॉलर भरणारा सुटत होता. दक्षिणेत २० गुलामांच्या मळ्यामागे एक गोरा सुटत होता. बाकी गरिबांची पोरे बंदुकीपुढे! एप्रिल १८६३ मध्ये दक्षिणेची राजधानी रिचमंड येथे भाकरीसाठी बायकांनी दुकाने फोडली. त्याच महिन्यात सरकारने शेतमालाचा दहावा हिस्सा उचलण्याचा कायदा केला. लेव्ही म्हणतात ती हीच.

गुलामगिरी गेली, हे त्या लढाईचे खरे पुण्य. पण सुटलेल्या गुलामांना ४० एकरांपर्यंत जमीन देण्याचा १८६५ चा हुकूम त्याच वर्षी पुढच्या अध्यक्षाने फिरवला. जुन्या मालकांच्याच रानात ते बटईने राबू लागले.

आता आमचे. अमेरिकेचा कापूस अडला तेव्हा विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाड-खानदेश आठवला. भाव चढला, सावकाराने हात सैल सोडला. १८६५ मध्ये लढाई संपली, भाव कोसळला. कर्ज मात्र कोसळले नाही. दख्खनमध्ये सरकारने वर सारा वाढवला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्यामागे ही मंदीही होती.

म्हणून कोणत्याही झेंड्याचा पुढारी 'लढाई चार दिवसांत संपवतो' म्हणाला, की आम्ही तीन सवाल विचारणार. मुदत टळली तर जबाबदार कोण? पोरे कोणाची जाणार? खर्च कोणाच्या मालातून वसूल होणार? सीमेवरचा जवान आमच्याच घरातला आहे, म्हणूनच विचारतो. जो उत्तर देणार नाही, त्याच्या सभेत टाळी वाजवायची नाही.