आभासी शर्यत, खरी शिस्त

सप्टेंबर २०२५ मध्ये जर्मनीतील न्यूरबर्गरिंगच्या 'नॉर्डश्लाइफ' या जुन्या मार्गावर फॉर्म्युला वनचा चार वेळचा जगज्जेता मॅक्स व्हर्स्टापेन याने चार तासांची शर्यत जिंकली. त्या विजयाइतकीच चर्चा त्याआधीच्या एका प्रसंगाची झाली. या मार्गावर वेगवान मोटार घेऊन उतरायचे तर स्वतंत्र परवाना लागतो. तो मिळवण्यासाठी व्हर्स्टापेनला दोन आठवडे आधी एखाद्या नवख्या चालकाप्रमाणे वर्गात बसावे लागले आणि शक्ती कमी केलेली पोर्श केमन चालवून दाखवावी लागली. विजयी फेरारीत त्याचा जोडीदार होता ख्रिस लुलहॅम, संगणकावरील शर्यतींतून प्रत्यक्ष शर्यतीत आलेला तरुण ब्रिटिश चालक. व्हर्स्टापेन स्वतःही घरच्या सिम्युलेटरवर अशाच कठीण मार्गांवर रात्री जागवत आला आहे.

संगणकावरील या शर्यतींना 'सिम रेसिंग' म्हणतात. टेबलाला जोडलेले स्टिअरिंग, पायाखाली पेडल, समोर पडदा आणि इंटरनेटवरून त्याच मार्गावर उतरलेले जगभरचे वीस-तीस अनोळखी स्पर्धक असा हा मामला असतो. नकाशा काल्पनिक नसतो. खरा मार्ग लेसरने मोजून त्यातील उंचवटे आणि खड्डेही संगणकात उतरवलेले असतात. नसते ती फक्त एक गोष्ट, भीती. कठड्यावर आदळले तरी हाड मोडत नाही आणि मोटारीच्या दुरुस्तीचे बिल येत नाही. मग कोणी कोणाला धक्का का देऊ नये, या प्रश्नाचे उत्तर या क्षेत्राला अनेक वर्षे शोधावे लागले आहे.

भीती वजा केली की सभ्य माणसेही कशी वागतात, हे २०२० च्या टाळेबंदीत दिसले. प्रत्यक्ष शर्यती थांबल्याने व्यावसायिक चालक संगणकासमोर बसले. त्या वर्षी २ मे रोजी आभासी इंडियानापोलिसवर झालेल्या इंडीकार शर्यतीत लँडो नॉरिस विजयाच्या शर्यतीत असताना आधीच्या वर्षीचा इंडियानापोलिस ५०० विजेता सिमॉन पाजनो त्याच्यापुढे येऊन मंदावला आणि नॉरिसची मोटार त्याच्यावर आदळली. त्याआधी नॉरिसला बाहेर काढण्याची भाषा पाजनोच्या थेट प्रक्षेपणात ऐकू आली होती. आपल्याला केवळ अडथळा आणायचा होता, असा खुलासा त्याने नंतर केला. ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या खऱ्या वेगात असा अडथळा आणण्याचा विचारही कोणी केला नसता.

या पार्श्वभूमीवर नॉर्डश्लाइफसारख्या मार्गांचे महत्त्व वेगळे ठरते. १९२७ मध्ये खुला झालेला हा मार्ग आयफेलच्या डोंगराळ जंगलातून २०.८३२ किलोमीटर वळणे घेत जातो. १ ऑगस्ट १९७६ रोजी येथेच निकी लाउडा जळत्या मोटारीत सापडला आणि त्यानंतर फॉर्म्युला वन या मार्गावर परतली नाही. ऑस्ट्रेलियातील बाथर्स्टचा माउंट पॅनोरामा ६.२१३ किलोमीटरचा. एरवी ताशी साठ किलोमीटरची मर्यादा असलेला हा सार्वजनिक रस्ता शर्यतीच्या दिवशी १७४ मीटर चढतो आणि उतरतो, तोही दोन्ही बाजूंच्या काँक्रीटच्या भिंतींमधून. मकाऊचा ग्विया मार्ग सुमारे ६.१२ किलोमीटरचा असून काही ठिकाणी जेमतेम सात मीटर रुंद आहे. आधुनिक मार्गांवर कडेच्या पलीकडेही डांबर असते. तिथे चूक झाली तर अर्धा सेकंद जातो आणि चालक परत येतो. वरील तिन्ही मार्गांवर कडेला लगेच भिंत किंवा कठडा आहे. संगणकावरही तिथे एका चुकीची किंमत बहुधा पूर्ण शर्यत असते. गेलेली भीती निदान या रूपाने थोडी परत येते.

उरलेले काम गुणांकनाचे. २००८ मध्ये सुरू झालेल्या 'आयरेसिंग'ने यासाठी जी पद्धत रूढ केली, ती वरकरणी विचित्र वाटते. चाके मार्गाबाहेर गेली तर एक गुण, मोटार गरगरली तर दोन, दुसऱ्या मोटारीशी जोराची धडक झाली तर चार असे दोषगुण चढतात. मात्र धडकेत चूक कोणाची, हे पाहिले जात नाही. मारणारा आणि मार खाणारा दोघांच्याही नावावर चार. किती वळणे निर्दोष घेतली, त्या प्रमाणात 'सेफ्टी रेटिंग' चढते किंवा उतरते आणि त्यावर पुढच्या श्रेणीचा परवाना अवलंबून असतो. नॉर्डश्लाइफच्या एका फेरीतच वळणांची रास असल्याने स्वच्छ चालवणाऱ्याला हा मार्ग उदारपणे फळ देतो.

चोर सोडून संन्याशाला सुळी, अशी या पद्धतीवरची तक्रार जुनी आहे आणि मकाऊत ती खरीच वाटते. लिस्बोआच्या काटकोनी वळणावर पहिल्याच फेरीत एखादी मोटार आडवी झाली की मागच्यांना जायला वाटच उरत नाही. २०१७ च्या खऱ्या जीटी विश्वचषकातही याच मार्गावर पहिल्या फेरीत डझनभर मोटारींचा खच पडला होता आणि ते सारे व्यावसायिक चालक होते. शिवाय इंटरनेटवर दुसऱ्याची मोटार नेमकी कुठे आहे, हे आपल्या संगणकाला क्षणभर उशिराच कळते. मधले अंतर अंदाजाने भरले जाते. त्यामुळे डोळ्यांना चार बोटे फट दिसत असताना धडकेची नोंद होऊ शकते. हेतुपुरस्सर धडकेविरुद्ध चित्रणासह तक्रार करता येते, पण तोवर शर्यत गेलेली असते.

तरीही ही अन्यायी पद्धत टिकली, कारण हेतू ओळखणारे यंत्र नाही. दोष कोणाचा हे विचारलेच जात नसल्याने 'मी बरोबर होतो' या समाधानाला किंमत उरत नाही. आत मोटार घालणाऱ्याचे जेवढे नुकसान, तेवढेच जागा न देणाऱ्याचे. परिणामी अनुभवी चालक नियमाच्या पुस्तकापेक्षा समोरच्याच्या स्वभावाचा हिशेब ठेवू लागतो. बाथर्स्टला 'कटिंग'पासून 'फॉरेस्ट्स एल्बो'पर्यंतच्या डोंगरभागात तो ओलांडायचा प्रयत्नच करत नाही. पुढची मोटार दोन सेकंदांनी हळू असली तरी मागे राहतो आणि कॉनरॉडच्या सरळ उतारावर तिला गाठतो. नॉर्डश्लाइफवर हीच संधी डॉटिंगर ह्योहेच्या लांब सरळ पट्ट्यावर मिळते. पुढच्या मोटारीच्या अगदी मागे असताना हवेचा दाब कमी पडून आपली मोटार नेहमीच्या ठिकाणी थांबत नाही, म्हणून ब्रेक थोडा आधी लावावा लागतो. टायर थंड असताना पहिल्या फेरीत कोणीच आपल्या सर्वोत्तम वेळेच्या मागे लागायचे नसते. मार्गाबाहेर गेल्यावर परत येण्याची घाई न करणे हे तर सर्वांत अवघड, कारण त्या क्षणी राग अनावर असतो.

अर्थात पळवाटाही आहेत. काही जण शर्यत सुरू झाल्यावर पिटमधून सर्वांत शेवटी निघतात, कोणाच्या जवळही न जाता वळणे मोजतात आणि परवाना वर चढवून घेतात. याला स्वच्छ शर्यत म्हणणे धाडसाचे ठरेल. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. आयरेसिंगमध्ये स्पर्धकांचे गट पाडताना कौशल्याचे गुण पाहिले जातात. सुरक्षिततेचे गुण फक्त श्रेणीचे दार उघडतात. त्यामुळे जपून चालवणारा आणि आडदांड असे दोघेही वेगाने सारखे असले तर एकाच रांगेत उभे राहतात. सोनीच्या 'ग्रॅन टुरिस्मो'ने २०१७ पासून चालकाच्या वेगाबरोबर खिलाडूवृत्तीलाही अक्षरश्रेणी दिली आणि जोड्या लावताना दोन्हींचा विचार केला. तिथे दंड यंत्रच ठरवते आणि सेकंदांत देते. यंत्राच्या या न्यायावरही खेळाडू समाधानी नाहीत, ही बाब निराळी.

सर्वांत कडक हिशेब सांघिक शर्यतींत होतो. नॉर्डश्लाइफच्या आभासी २४ तासांच्या शर्यतीत एकाच मोटारीचे स्टिअरिंग तीन-चार जण आळीपाळीने हाती घेतात आणि दोषगुण संघाच्या एकाच खात्यात जमा होतात. संध्याकाळी पहिल्याने निष्काळजीपणे घासलेला कठडा पहाटे तीनला बसलेल्या चौथ्याच्या वाट्याला येतो. शिल्लक किती दोष परवडतील, हे त्याला गादीवर बसण्यापूर्वीच माहीत असते.