पानगळीच्या शोधात, केसनंद फाट्यावर

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाला गेला की आमच्या ग्रुपला काहीतरी सुचतं. यंदा पानगळ सुचली. एकाचा भाचा श्रीनगरला जाऊन आला आणि त्याने नसीम बागेतल्या चिनारांचे फोटो टाकले. झाडं लालभडक, खाली पानांचा थर, त्यावर भाचेसून ऐसपैस बसलेली. लगेच ठरलं, आपणही निघायचं. ताम्हिणी घाट, कॅमेरा, ट्रायपॉड. ज्याच्या लेन्सच्या हप्त्यांवर मी मागे या सदरात लिहिलं होतं आणि ज्याच्या बायकोने ते कात्रण फ्रिजवर लावलं, तोच या भाच्याचा मामा आणि तोच म्होरक्या.

मी ग्रुपवर सविस्तर लिहिलं. थंड मुलखात दिवस लहान होतात, गारठा वाढतो, पानातलं हरितद्रव्य ओसरतं आणि आतला पिवळा रंग वर येतो, लाल तर तेव्हाच नव्याने तयार होतो. आपल्याकडची झाडं पानं टाकतात ती पाणी आटल्यावर, शिशिरात आणि पुढे. पावसाळा नुकता सरलाय, झाडं अजून हिरवीगार आहेत. पिकलंय ते फक्त गवत. सह्याद्रीत लाल पाहायचं तर फाल्गुन-चैत्रात जा. कोशिंबाची कोवळी पालवी तेव्हा तांबडीलाल असते, पळस-पांगारे फुललेले असतात. तिकडे पानं जाताना रंगतात, इकडे येताना.

उत्तरादाखल एक अंगठा आला. खाली लिहिलं होतं, ‘पहाटे पाच, केसनंद फाटा.’

केसनंद फाटा वाघोलीत आणि आम्ही वाघोलीकर. आता वाघोलीकराचं मूळ दुखणं सांगतो. सह्याद्री पुण्याच्या पश्चिमेला आणि आम्ही पूर्वेला. कोथरूडचा माणूस चांदणी चौक ओलांडून अर्धवट झोपेत पिरंगुट गाठतो. आम्हाला आधी खराडी बायपास, मग विमाननगर, मग येरवडा, असं अख्खं पुणे पालथं घालावं लागतं, डोंगर त्यानंतर. 2021 साली वाघोली महापालिकेत आली, त्यामुळे कागदोपत्री आम्ही पुण्यातच राहतो. पुण्यात जायला मात्र वेगळा वेळ काढावा लागतो.

आणि पहाटे पाच ही वाघोलीत पहाट नसतेच. ती डंपरची वेळ. पुढे खडी, मागे सिमेंटचा मिक्सर, डाव्या हाताला कंपनीची बस आणि या सगळ्यांच्या मधून उलट्या दिशेने येणारा एक दुचाकीस्वार, चेहऱ्यावर कमालीची शांती. उबाळेनगरपर्यंत आम्ही पानगळीवर बोलत होतो. तिथे पुढे पाण्याचा टँकर आला आणि पानगळ संपली.

कारण गाडीतले चौघे चार सोसायट्यांतले. तुमच्याकडे रोज किती टँकर? रेट काय? मोजतो कोण? आमचा वॉचमन अर्धा टँकरही पूर्ण लिहितो. मग मेंटेनन्स, मग बिल्डरने ब्रोशरमध्ये छापलेला स्विमिंग पूल, ज्यात सध्या दिवाळीतल्या किल्ल्याची उरलेली माती पडली आहे. एवढ्यात पुढच्या टँकरच्या मागच्या नळातून भळाभळा पाणी गळायला लागलं. म्होरक्याने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून पाच-सहा फोटो घेतले, नंबर प्लेटसकट. ते फोटो सोसायटीच्या ग्रुपवर गेले आणि येरवड्याला पोचेपर्यंत त्यांच्यावर चर्चा, उपचर्चा आणि एक राजीनामा झाला. आयुष्यात त्याच्या कुठल्याही फोटोला इतकी दाद मिळालेली नाही.

ताम्हिणीला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. गवत खरोखर सुरेख पिकलं होतं, वाऱ्यावर अख्खा उतार हलत होता. पण गवत पाहायला कुणी आलं नव्हतं. मिसळ झाली, मिसळीचे फोटो झाले. मग म्होरक्याने मोबाइलमध्ये एक घाटाचा फोटो उघडून हिरव्याचं लाल करून टाकलं. अख्खी ताम्हिणी पेटली. रस्त्याकडेचा हिरवा दिशाफलकही लाल झाला. तो फोटो भाच्याला गेला. त्याने विचारलं, ‘मामा, हे कुठे?’ मामाने त्याला उत्तर दिलं नाही.

परतताना मी पुन्हा फाल्गुनाचं काढलं. कोशिंब एकदा बघाच म्हटलं. त्यावर गाडीत शांतता पसरली. चौघांतले दोघे बँकेत, तिसरा सीएकडे. कोशिंब लाल होतो नेमका तेव्हा या तिघांचा मार्च एंड. शेवटी असं ठरलं की जंगलाने यंदा ताळेबंद एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत लांबवावा. कळवायची जबाबदारी, सदर लिहितो म्हणून, माझ्यावर आली आहे.