एका रेडरसाठी अख्खी पर्स?

मे महिन्यात चाकरमानी हेदवीत उतरले की आमच्या वाडीतल्या क्रिकेट स्पर्धेचा लिलाव होतो. पैसे खोटे, नुसते पॉइंट. भांडणं मात्र खरी! गेल्या वर्षी आमच्या टीमने १० हजारांतले साडेसहा हजार पॉइंट एकाच बॅट्समनवर उडवले. उरलेल्यात दहा जण बसवायचे होते. कीपर असा मिळाला की बॉल त्याच्यापेक्षा मागच्या फणसाने जास्त अडवले. स्टारने पहिल्या मॅचला पन्नास ठोकले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. सोमवारी ड्युटी होती म्हणे. दुसऱ्या दिवशी आम्ही बाहेर.

तेव्हापासून प्रो कबड्डीचा लिलाव मी वेगळ्या नजरेनं बघतो. आपल्या चंदगडचा सिद्धार्थ देसाई आठवतोय ना? यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांत घेतलं होतं. तो तुफान खेळला आणि २०१९मध्ये तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. टायटन्स बारा टीमांत अकराव्या आल्या. त्याला सोडलेली यू मुंबा मात्र सेमीफायनलला! सिद्धार्थ कमी पडला असं अजिबात नाही, पॉइंटांचा पाऊस त्याने तिथेही पाडलाच. पण मॅटवर सात जण लागतात. रेडरने आणलेले पॉइंट डिफेन्स परत देत असेल तर काय उपयोग?

पवन सेहरावतचं तर विचारूच नका. २०२२मध्ये तमिळ थलैवाजने २ कोटी २६ लाख मोजले आणि तो पहिल्याच मॅचमध्ये जखमी होऊन सीझनभर बाहेर. मग नरेंदर नावाच्या नवख्या पोराने टीमला सेमीफायनलपर्यंत ओढत नेलं. पुढच्या वर्षी टायटन्सने ५ कोटींच्या पर्समधले २ कोटी ६० लाख पवनवर लावले. शेवटचा नंबर!

‘मग पुण्याचं काय?’ हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. त्याच सीझनला पुणेरी पलटणने इराणच्या शादलूईसाठी २ कोटी ३५ लाख दिले आणि मार्च २०२४मध्ये कपही उचलला. पण त्याच्याआधी त्यांच्याकडे अस्लम इनामदार होता, मोहित गोयत होता. आधीच्या सीझनला फायनल खेळलेली टीम ती. त्यांच्या भिंतीत एकच वीट कमी होती, तीच त्यांनी महाग घेतली. टायटन्सने वीट आधी आणली, भिंत नंतर बघू म्हणाले. मला तर सगळा फरक इथेच दिसतो.

यंदा आमच्या लिलावात मी आधी कीपर मागणार आहे. फणसाजवळ राहणारा एक आहे, त्याला सवय आहे. पण तो मुंबईवाला पुन्हा यादीत आलाय, आणि आमच्या कॅप्टनचा हात आत्तापासूनच वर जायला लागलाय.