राऊटरला हात लावायचा कोणी?

खामगावात इंटरनेटची तार आता गल्लीबोळात पोहोचली आहे. ही तार ओढतो कोण? भर उन्हात शिडी लावून खांबावर चढणारा, रस्त्याच्या कडेला नाली खोदून पाइप पुरणारा, दुकानाच्या छतावर कॅमेरा ठोकणारा पोरगा कोणत्या वस्तीतला आहे, हे एकदा विचारून पाहा. आमच्या पाहण्यात तरी तो बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला निघतो. बारावी झालेला असतो, आयटीआय केलेला असतो, एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र घरात फ्रेम करून लावलेले असते. आणि ती तार ज्या थंड खोलीत जाऊन संपते, तिथे बसून राऊटरला आज्ञा देणारा कोण असतो? तिथे आपला पोरगा तार टाकून देतो आणि बाहेर येतो. राऊटरला हात लावू नको, असे त्याला सांगितलेले असते.

जातीव्यवस्था म्हणजे केवळ कामाची वाटणी नव्हे, ती काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली साऱ्या देशाला दाखवून दिले. नव्या धंद्यात ही उतरंड राहणार नाही असे आपल्याला सांगण्यात आले होते. संगणकाला जात नसते म्हणे! संगणकाला नसेलही, पण संगणकापर्यंत कोणी जायचे आणि खड्ड्यापर्यंत कोणी, हे ठरवणाऱ्यांना ती आहे.

खामगावला जाळ्यांची ओळख जुनी आहे. १८७० साली लॉर्ड मेयो या व्हाइसरॉयने येथे येऊन जलंब-खामगाव या आगगाडीच्या फाट्याचे उद्घाटन केले. लांबी जेमतेम आठ मैल. पण वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे विलायतेला नेण्यासाठी तो फाटा हवा होता. आगगाडीच्या रुळांबरोबर तारायंत्र आले. तारेवरून भाव यायचा आणि रुळांवरून गाठी जायच्या. भाव वाचणारे एक आणि गाठी उचलणारे दुसरे! त्याच्याही आधी गावगाड्यात निरोप पोहोचवण्याचे काम कोणाचे होते? मयताचा सांगावा घेऊन रात्री-अपरात्री गावोगाव धावणारे, सरकारी कागद डोक्यावर वाहणारे आपलेच पूर्वज होते. कागद वाहायचा, पण वाचायचा नाही. या महारकीच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. आज कागदाच्या जागी केबल आली आहे. केबल वाहणारा तोच, आणि त्यातून काय जाते ते न कळणाराही तोच. ही नवी महारकी आहे, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो.

हिच्यातून बाहेर पडण्याच्या ज्या काही वाटा आहेत, त्यांपैकी एकीबद्दल आज लिहायचे आहे. नेटवर्किंगच्या धंद्यात सीसीएनए नावाची परीक्षा आहे. सिस्को या अमेरिकन कंपनीची ही परीक्षा. २४ फेब्रुवारी २०२० पासून ती २००-३०१ या क्रमांकाने एकाच पेपरात घेतली जाते. वेळ १२० मिनिटे. प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. या परीक्षेला बसण्यासाठी कोणत्याही पदवीची अट नाही. बारावीचा चालतो, आयटीआयचा चालतो, खांबावर चढणारा तर अवश्य चालतो. परीक्षेत विचारतात ते असे : जाळ्याची मूलतत्त्वे, स्विचवर गट पाडणे, एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात वाट दाखवणे, सुरक्षितता आणि थोडे स्वयंचलन. यात वाट दाखवण्याच्या भागाला सर्वांत जास्त, म्हणजे २५ टक्के वजन आहे.

ही विद्या नुसती वाचून येत नाही. राऊटर समोर पाहिजे, स्विच पाहिजेत, चार संगणक पाहिजेत. एवढे सामान मोठ्या शहरातल्या महागड्या क्लासमध्ये असते. वस्तीतल्या घरात कोठून येणार? इथेच सिम्युलेटर कामाला येतो. सिम्युलेटर म्हणजे संगणकाच्या पडद्यावर उभी केलेली खोटी प्रयोगशाळा. तिच्यातली यंत्रे खोटी, पण अभ्यास खरा! सिस्कोचाच पॅकेट ट्रेसर नावाचा सिम्युलेटर आहे. पूर्वी तो फक्त कंपनीच्या अॅकॅडमीतल्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना मिळत असे. आता नाव नोंदवणाऱ्या कोणालाही तो फुकट मिळतो आणि साध्या घरगुती संगणकावर चालतो.

त्यात करायचे काय, हे आपल्या पोरांना कळावे म्हणून थोडे खुलासेवार सांगतो. पडद्यावर दोन राऊटर ओढून ठेवा, प्रत्येकाला एक स्विच जोडा, स्विचला दोन-दोन संगणक जोडा. आता प्रत्येकाला पत्ता द्या. पत्ता दिला तरी तार लालच दिसते. का? राऊटरचे दार मुळातच बंद असते. आत जाऊन 'नो शटडाऊन' ही आज्ञा दिली की ते उघडते आणि लाल खूण हिरवी होते. मग एका राऊटरवरून दुसऱ्या टोकाच्या संगणकाला 'पिंग' करा, म्हणजे हाक मारा. पहिल्यांदा जाब येणारच नाही, कारण पलीकडच्या जाळ्याची वाट राऊटरला ठाऊक नाही. ती वाट हाताने लिहून द्या, किंवा ओएसपीएफ लावून राऊटरांना एकमेकांकडून शिकू द्या. पुन्हा हाक मारा. पाच हाकांपैकी पहिलीला टिंब आणि पुढच्या चारांना उद्गारचिन्हे आली, तर घाबरू नका. पलीकडच्या यंत्राचा खरा पत्ता शोधण्यात पहिली हाक वाया गेली, एवढाच त्याचा अर्थ. ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत असते आणि त्या ओळीवरून डोळा घसरतो; स्वतः पाहिलेले टिंब मात्र विसरत नाही.

याच सॉफ्टवेअरमध्ये एक सोय अशी आहे की, संदेश लिफाफ्याच्या रूपाने एकेका टप्प्यावर थांबवून पाहता येतो. लिफाफा कोणत्या राऊटरवर अडला, कोणत्या नियमाने अडवला, हे उघडून वाचता येते. ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या बंद कागद वाहण्यात गेल्या, त्यांच्या पोरांनी हा लिफाफा उघडून वाचावा, यापरता आनंद कोणता?

आता कोणी विचारेल, एवढे सगळे फुकट आहे तर अडले कोठे? बांधवांनो, महाडचे चवदार तळेही कागदावर खुलेच होते! १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला, १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही तळे सर्वांना खुले केल्याचे ठरवले. तरी तीन वर्षे आपल्यातल्या कोणाला त्याचे पाणी घेता आले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले, ओंजळ भरली, तेव्हा ते तळे खऱ्या अर्थाने खुले झाले. खुले असणे वेगळे आणि हात लावणे वेगळे. पॅकेट ट्रेसर आज कागदावर खुला आहे. पण वस्तीतल्या पोराजवळ मोबाइल आहे, संगणक नाही. संगणक आहे तर त्याला हे नाव सांगणारा कोणी नाही. नाव कळले तर इंग्रजीची भीती आहे. परीक्षा इंग्रजीत असते, मराठीत नाही. आणि या सगळ्यांतून तो पार झालाच, तर परीक्षेची फी आडवी येते. फी ३०० डॉलर, वर कर. आजच्या भावाने रक्कम २५ हजार रुपयांच्या पुढे जाते. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. म्हणजे आईबापाने ऐंशीहून अधिक दिवस राबावे आणि त्यातला एक पैसाही खाऊ नये, तेव्हा पोराला दोन तास परीक्षेला बसता येईल! एकदा नापास झाला की पुन्हा तेवढेच.

म्हणूनच सिम्युलेटरवरचा सराव हा आपल्यासाठी केवळ अभ्यास नाही, तो विमा आहे. श्रीमंताचा पोरगा नापास होऊन शिकू शकतो. आपल्या पोराने पडद्यावर शंभरदा नापास व्हावे आणि परीक्षेला एकदाच बसावे. बाजारात 'डम्प' नावाने चोरलेल्या प्रश्नांच्या याद्या विकल्या जातात. त्या घोकून पास होता येते, असा प्रचार आहे. आमचे सांगणे आहे, त्या वाटेला जाऊ नका. पकडले गेल्यास प्रमाणपत्र जाते, आणि न पकडले गेल्यास मुलाखतीत पितळ उघडे पडते. शिवाय न समजता घोकणे ही पोथीवाल्यांची परंपरा आहे, आपली नव्हे. ऐकले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरूने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासा, हे तथागतांनी कालामांना सांगितले. राऊटरच्या आज्ञेलाही तोच न्याय लावा. आज्ञा द्या, काय होते ते पाहा, मग माना.

सिम्युलेटरची मर्यादाही सांगितली पाहिजे. पॅकेट ट्रेसर ही नक्कल आहे; खऱ्या राऊटरच्या सर्व आज्ञा त्यात चालत नाहीत. पुढच्या अभ्यासाला जीएनएस-३ नावाचे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्यात राऊटरची खरी प्रणाली चालवता येते. परंतु ती प्रणाली रीतसर मिळवावी लागते आणि संगणकही दणकट लागतो. आणि खांबावर वाऱ्यात बसून तार सोलण्याची कला कोणताच सिम्युलेटर शिकवत नाही. ती आपल्या पोरांना आधीच येते! उरलेली अर्धी विद्या मिळाली, तर धंदा पूर्ण हातात येतो.

आता सर्वांत मोठा आक्षेप. ज्या कंपनीची ही परीक्षा, त्याच सिस्को कंपनीवर जून २०२० मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्क खात्याने जातीभेदाचा दावा लावला. आयआयटीत शिकलेल्या एका दलित अभियंत्याला त्याच्याच देशातल्या सवर्ण वरिष्ठांनी जातीवरून वेगळी वागणूक दिली, तक्रार केल्यावर डावलले, असा आरोप होता. कंपनीने तो नाकारला. एप्रिल २०२३ मध्ये खात्याने दोन वरिष्ठांवरचा दावा स्वतःहून मागे घेतला, कंपनीवरचा मात्र ठेवला. मग अशा कंपनीच्या परीक्षेमागे आपण का लागावे?

प्रश्न रास्त आहे. प्रमाणपत्राने जात जात नाही, हे आम्हीही जाणतो. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते, फक्त नावे वेगळी. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या अर्जाच्या सुमारे दोन-तृतीयांशच निघाली. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही आणि नावावरून निवड होते, अशी ही दुहेरी कोंडी आहे. परंतु म्हणून विद्या सोडायची काय? परीक्षेचे यंत्र आडनाव पाहून गुण देत नाही; एवढी एक पायरी तरी आपल्या हातात आहे. आणि सॅन होजेच्या कार्यालयातला तो अभियंता आवाज उठवू शकला, कारण तो त्या कार्यालयात पोहोचला होता. त्याच्या दाव्यानंतर तिकडे जातीचा प्रश्न ऐरणीवर आला; फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातीभेदाला कायद्याने बंदी घातली. खड्डा खोदणाऱ्याची तक्रार तालुक्याच्या पुढे जात नाही. शिकणे आणि लढणे ही दोन वेगळी कामे नाहीत.

तेव्हा करायचे काय? खामगावातल्या समाजबांधवांपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो. पहिली, विहारात एक खोली सरावासाठी द्या. जुने पाच संगणक आणि एक इंटरनेटची जोडणी एवढे पुरे. जयंतीच्या वर्गणीतून डीजेची एक रात्र वाचवली तर बाबासाहेबांचा अपमान होणार नाही. ज्यांनी पुस्तकांसाठी राजगृह बांधले, त्यांना संगणकाची खोली नक्की आवडली असती. दुसरी, ती खोली परीक्षेसाठीही वापरा. ही परीक्षा घरबसल्या देता येते, पण त्या वेळी खोलीत दुसरे कोणी येता कामा नये असा नियम आहे. एका खोलीत सहा माणसांचा संसार असलेल्या घरात तो नियम कसा पाळायचा? विहाराच्या दाराला कडी आहे. तिसरी गोष्ट सरकारकडे मागायची. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला मिळते. खासगी कंपनीच्या परीक्षेची फी त्यात बसत नाही. सामाजिक न्याय विभागाने आणि बार्टीने सिम्युलेटरवर ठरावीक सराव पूर्ण करणाऱ्या अनुसूचित जातीच्या उमेदवारांची फी भरावी. यासाठी निवेदन द्या, उत्तर आले नाही तर पुन्हा द्या, आणि तरीही नाही आले तर रस्त्यावर या.

इंजिनीअरिंग आणि पॉलिटेक्निकमध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी रविवारचे दोन तास या खोलीत बसावे. इंग्रजी अडते तिथे मराठीत, वऱ्हाडीत समजावून सांगावे. मुलींना मागे ठेवू नये. या कामाला खांबावर चढावे लागत नाही, फक्त दार उघडे लागते.

राऊटरचे दार बंदच येते. ते बाहेरून धक्के मारून उघडत नाही, आत जाऊन आज्ञा द्यावी लागते. खांबावरून उतरा आणि त्या खोलीत शिरा. हात लावा. जयभीम!