गाडी तीच, बिऱ्हाड वेगळं

सिनेमा संपल्यावर ‘हे आधी पाहिलंय’ म्हणणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर पाकीटमार पकडल्याचं समाधान असतं. आमच्या कंपूत असा एक गृहस्थ आहे. जेम्स मॉटर्न यांचा ‘ट्रकर’ (२००८) बघून झाला, दिवे लागले आणि त्याने निकाल दिला : ‘हा स्टॅलोनचा ‘ओव्हर द टॉप’ आहे. बापाच्या जागी आई बसवली, बस.’ पुढचा तासभर मी त्याच्याशी भांडलो आणि हरलो. त्याच्याकडे यादी होती, माझ्याकडे नुसता राग. हा लेख म्हणजे त्या हरलेल्या भांडणाची थकबाकी.

त्याची यादी आधी नीट मांडतो. पूर्वपक्षाला लंगडा करून शर्यत जिंकण्यात मजा नाही. ‘ओव्हर द टॉप’ १९८७चा, दिग्दर्शक मेनाहेम गोलान. लिंकन हॉक हा ट्रक चालवणारा माणूस बऱ्याच वर्षांपूर्वी बायको-मुलाला सोडून गेलेला. आता बायको आजारी आहे. तिच्याच इच्छेवरून तो लष्करी शिस्तीच्या शाळेतून मुलाला उचलतो आणि ट्रकमधून तिच्याकडे घेऊन निघतो. मुलगा बापाला ओळखत नाही, ओळखायला राजीही नाही. ‘ट्रकर’मध्ये डायेन फोर्ड (मिशेल मोनॅहन) ही ट्रक चालवणारी बाई. तिनेही पोर तान्हं असतानाच त्याला बापाच्या हवाली करून रस्ता धरलेला. आता त्या बापाला कॅन्सर झालाय, म्हणून ११ वर्षांचा पीटर तिच्या दारात येऊन ठेपतो. तोही आईला ओळखत नाही, ओळखायला राजी नाही. सोडून गेलेला पालक, आजारी पडलेला दुसरा पालक, फटकळ पोर, लांबचा रस्ता आणि शेवटी थोडी जवळीक. पत्रिका जुळवायला बसलं तर ३६ पैकी ३० गुण कुणीही देईल.

हे सगळं मान्य. पण नक्कल ठरवायची तर आधी मूळ दाखवावं लागतं. ‘ओव्हर द टॉप’ मूळ आहे का? १९३१ साली किंग व्हिडोर यांचा ‘द चॅम्प’ आला होता. उतरणीला लागलेला बॉक्सर बाप, त्याच्यावर जीव टाकणारा लहानगा, मुलाला आपल्या श्रीमंत घरात नेऊ पाहणारी आई आणि शेवटी त्या मुलासाठी बापाचं पुन्हा रिंगणात उतरणं. वॉलेस बीरी यांना या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं, कथेसाठी फ्रान्सिस मॅरियन यांना. १९७९ मध्ये फ्रँको झेफिरेल्ली यांनी तोच चित्रपट पुन्हा काढला. त्यानंतर आठ वर्षांनी ‘ओव्हर द टॉप’ने बॉक्सिंगच्या जागी पंजा लढवणं आणलं, श्रीमंत आईच्या जागी श्रीमंत आजोबा आणले आणि ‘रॉकी’ची (१९७६) शेवटची लढत उचलून लास वेगासच्या स्पर्धेत नेऊन ठेवली. हॉक ट्रक विकतो, ते पैसे पैजेत स्वतःवरच लावतो, जिंकतो आणि बक्षिसात नवा ट्रक मिळवतो. हा शेवट ट्रक चालवणाऱ्याच्या आयुष्यातून आलेला नाही, आधीच्या सिनेमांतून आलाय. माझ्या मित्राने ज्याला घरमालक ठरवलं, तो स्वतःच भाडेकरू निघाला. शिवाय त्याचं उसनेपण ट्रकमध्ये नाही. ट्रक बाजूला ठेवा, उसनं आहे ते तसंच उरतं.

कोर्टात हा प्रश्न आपल्याकडे केव्हाच येऊन गेलाय. आर. जी. आनंद यांचं ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक १९५४ साली रंगमंचावर आलं आणि १९५६ मध्ये मोहन सेगल यांचा ‘न्यू दिल्ली’ पडद्यावर. दोन्हींचा विषय प्रांताभिमान, दोन्हींत वेगवेगळ्या प्रांतांतल्या घरांमधली मुलं एकमेकांच्या प्रेमात पडतात. आनंद कोर्टात गेले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कल्पना, विषय, कथासूत्र यांवर कुणाची मालकी नसते. मालकी असते ती लेखकाने त्यांना दिलेल्या रूपावर. दोन्ही कृती पाहिलेल्या माणसाची दुसरी ही पहिलीची नक्कलच आहे अशी स्वच्छ खात्री झाली, तरच ती चोरी. आनंद हरले. पण हा निकाल मी मित्राच्या तोंडावर फेकणार नाही, कारण तो काय म्हणेल ते मला ठाऊक आहे : ‘चोरी नसेल, शिळं तर आहे?’ त्याचं बरोबरच आहे. कोर्ट फार तर निर्दोष सोडतं; भाजी ताजी असल्याचा दाखला देत नाही.

तो दाखला द्यायची रीत आनंदवर्धनाने सांगून ठेवलीय. नवव्या शतकातल्या काश्मीरमधला हा पंडित ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्द्योतात नेमकं हेच भांडण सोडवतो. दोन कवींच्या रचनांत सारखेपणा दिसला तर तो तीन तऱ्हांचा असू शकतो. एक आरशातल्या बिंबासारखा, ज्याला स्वतःचा जीवच नाही. दुसरा चित्रासारखा, त्यात जीव आहे, पण जेमतेम. तिसरा म्हणजे दोन जिवंत माणसं दिसायला सारखी असावीत तसा. पहिल्या दोन तऱ्हा कवीने टाळाव्यात, तिसरीला भिण्याचं कारण नाही. धाकट्या बहिणीचं नाक थोरलीसारखं म्हणून तिला कुणी नक्कल म्हणत नाही. (आणि आपल्याला तर हे शिकवावंही लागू नये. मोरोपंतांनी १०८ रामायणं रचली असं परंपरा सांगते. रावण शेवटी मरतो हे ऐकणाऱ्यांना आधीच कळलेलं होतं. त्यासाठी कुणी कीर्तन सोडून उठल्याचं ऐकिवात नाही.)

मग ‘ट्रकर’चा स्वतःचा जीव कुठे आहे? माझं उत्तर : पत्रांत. म्हणजे, त्यात नसलेल्या पत्रांत. ‘ओव्हर द टॉप’मध्ये हॉकने मुलाला पत्रं पाठवलेली असतात आणि आजोबांनी ती दडवून ठेवलेली असतात. मुलाच्या हाती ती लागतात आणि बाप एका फटक्यात धुतल्या तांदळासारखा होतो. त्याने सोडलं खरं, पण विसरला नव्हता, दोष म्हाताऱ्याचा. डायेनसाठी असा पत्रांचा गठ्ठा कुठल्याच कपाटात ठेवलेला नाही. दोष ज्याच्या गळ्यात अडकवावा असा म्हाताराही नाही. मुलाचा बाप भला माणूस आहे, पोराला त्यानेच वाढवलंय. ती गेली कारण तिला आई होऊन राहायचं नव्हतं. एवढंच. हे कारण चित्रपट लपवत नाही, की त्यावर साखरही पेरत नाही.

म्हणून त्या ‘बस’वर माझा आक्षेप आहे. बाप घर सोडून गेला की गोष्ट विचारते, तो परत कधी येणार? आई गेली की विचारते, ही कसली बाई? पहिल्या प्रश्नाला स्पर्धा जिंकून उत्तर देता येतं. दुसऱ्याला देता येत नाही. त्या प्रश्नात सिनेमा बघणाराच सापडतो. डायेन पीत बसते, पोरावर खेकसते, आणि आपण मनातल्या मनात तिला नापास करत असतो. हॉकला आपण किती पटकन पास केलं होतं, ते तेव्हा आठवतं.

ट्रकचंही तसंच. हॉकसाठी ट्रक हे आजोबांच्या बंगल्याचं फाटक फोडायचं हत्यार आणि नंतर पैजेचं भांडवल. डायेनसाठी तो रोजगार आहे आणि कुणापुढे हात न पसरण्याची सोयही. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरांना बहुधा मैलावर पैसे मिळतात. दहा तासांच्या विश्रांतीनंतर जास्तीत जास्त अकरा तास चालवण्याची मुभा. चाकं थांबली की कमाई थांबली. अशा केबिनमध्ये शाळकरी पोर येऊन बसलं की काय होतं, ते कळायला कुठला सिनेमा पाहावा लागत नाही. दोन लेखकांनी एकमेकांना न विचारता ही गोष्ट लिहिली तरी ती बरीच सारखी निघेल, कारण ती धंद्यातूनच उगवते. माणूस आठवडे-आठवडे बाहेर राहणार, घर तुटणार, आणि त्याच्याकडे पोराला द्यायला एकच जागा असणार : बाजूची सीट. तिथे दोघांची तोंडं समोर रस्त्याकडे. एकमेकांकडे न बघता बोलता येतं आणि भांडलं तरी उतरून जाता येत नाही. दिग्दर्शक त्या सीटकडे पुन्हा पुन्हा वळले तर त्यात नवल काय? आपल्याकडच्या ‘मील पत्थर’मध्ये (२०२०) इव्हान आयर यांनी तिथे मुलाऐवजी शिकाऊ पोरगा बसवला. पाच लाख किलोमीटर झालेल्या गालिबला भीती ही, की आपण ज्याला शिकवतोय तोच आपली नोकरी खाणार. सीट तीच, काळजाला लागणारी कळ वेगळी.

मित्राच्या बाजूने एक गोष्ट कबूल करायला हवी. ‘ट्रकर’मध्ये शिळे घास आहेत. पोराचे टोमणे कधी सुरू होणार आणि दोघं पहिल्यांदा कधी हसणार, हे मलाही आधी कळलं होतं. आनंदवर्धनाच्या कसोटीवर तो चित्रपट पूर्णवेळ तिसऱ्या तऱ्हेत राहत नाही, अधूनमधून दुसऱ्या तऱ्हेत घसरतो. पण घसरतो तो ओळखीच्या प्रसंगांमुळे, ओळखीच्या कथासूत्रामुळे नव्हे.

भांडणानंतर काही दिवसांनी मी त्याला ‘लास अकासियास’ दाखवला. पाब्लो जॉर्जेली यांचा हा पहिला कथापट. २०११ साली कान महोत्सवात पदार्पणाच्या चित्रपटासाठी असलेला ‘कॅमेरा दोर’ त्याला मिळाला. रुबेन हा लाकडं वाहणारा ट्रकवाला पॅराग्वेहून ब्युनोस आयर्सला निघालाय. सोबत हासिंता नावाच्या बाईला न्यायचं ठरलंय, पण तिच्या कडेवर काही महिन्यांची अनाही असेल हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. रुबेनलाही एक मुलगा आहे, ज्याला त्याने वर्षानुवर्षं पाहिलेलं नाही. म्हणजे यादीतले खण पुन्हा भरू लागले. चित्रपटात पार्श्वसंगीत नाही, बोलणं मोजकं. इंजिनाचा आवाज, रस्ता आणि त्याच्याकडे टक लावून बघणारं बाळ. तो बाळाकडे बघतो, लगेच रस्त्याकडे, पुन्हा बाळाकडे.

तासाभराने मित्राने भाकीत केलं : ‘आता हा आपल्या पोराला भेटायला जाणार.’ रुबेन गेला नाही. त्यानंतर शेवटपर्यंत मित्र काही बोलला नाही. मी त्याच्याकडे बघत होतो, तो बाळाकडे.