नोटीस आली म्हणून पुस्तक काढायचं?

मारतहळ्ळीतल्या आमच्या पीजीत दर रविवारी वाचनगट भरतो. बहुतेक जणी आयटीतल्या, मराठवाडा-विदर्भातून आलेल्या, घरातल्या पहिल्या पदवीधर. गटाच्या छोट्या वेबसाइटवर आम्ही 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'चा मूळ इंग्रजी मजकूर ठेवला होता. मागच्या महिन्यात होस्टिंग कंपनीचा ईमेल आला: एका प्रकाशकाने कॉपीराइटची तक्रार केली आहे. दुसऱ्या दिवशी त्या एका फाइलपायी सगळी साइट बंद. एका मैत्रिणीने तर फोनमधलीही पीडीएफ पुसून टाकली. "उगाच नोकरीवर यायचं," म्हणाली.

तिला काय बोलणार? आपल्या घरांत कायद्याचा कागद आला की आधी अपराधी वाटतं, वाचणं नंतर. म्हणून वाचायला बसले.

लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने परिषद रद्द केल्यावर बाबासाहेबांनी हे भाषण १९३६मध्ये स्वखर्चाने छापलं. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे १ जानेवारी २०१७पासून हे पुस्तक सर्वांचं. प्रकाशकाची प्रस्तावना आणि टिपा त्याच्या, मूळ मजकूर नव्हे. (सगळंच मोकळं आहे असंही नाही. 'रिडल्स इन हिंदुइझम' मरणोत्तर, १९८७मध्ये छापलं गेलं. त्याची ६० वर्षं तिथून मोजायची. आमच्या साइटवर एका हयात अनुवादकाचं भाषांतरही होतं. ते मी स्वतः काढलं, त्यांच्या मेहनतीचं आहे.)

होस्ट कंपनी न्यायाधीश नाही, हे मान्य. तक्रारीकडे डोळेझाक केली तर तिचं कायदेशीर संरक्षण जाऊ शकतं. पण कॉपीराइट नियम, २०१३मधला नियम ७५ तक्रारदारालाही बांधतो. तो तात्पुरत्या साठवणीपुरता आहे, तरी कसोटी म्हणून उपयोगी. मालकी दाखवा, नेमकी जागा सांगा, दावा दाखल करून २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणण्याची हमी द्या. मध्यस्थाने ३६ तासांत ती प्रत रोखायची आणि का रोखली ते तिथेच लिहायचं. आदेश आला नाही तर प्रत पुन्हा खुली 'करता येते'. करावीच लागते असं नाही; आपण अडकतो ते इथे.

नोव्हेंबर २०२२मध्ये याच बंगळुरूच्या एका न्यायालयाने 'केजीएफ २'च्या गाण्यांवरून काँग्रेस आणि भारत जोडो यात्रेची ट्विटर खाती रोखण्याचा आदेश दिला. दुसऱ्याच दिवशी उच्च न्यायालयाने तो रद्द केला: वादातला मजकूर काढा, त्यासाठी अख्खं खातं बंद करायचं कारण नाही. पक्षाकडे रातोरात उभे राहणारे वकील होते. आमच्याकडे मी, तीही समाजशास्त्राची.

तरी पत्र लिहिलं. मृत्यूची तारीख, प्रकाशनाचं वर्ष दिलं. विचारलं, तक्रारदाराने मालकीचा कोणता पुरावा दिला? आणि एका फाइलसाठी बाकीची पानं का बंद?

नवव्या दिवशी साइट परत आली, ती फाइल नाही. एकविसावा दिवस येत्या गुरुवारी. त्या दिवशी दुसरं पत्र जाईल. पीडीएफ पुसणाऱ्या मैत्रिणीने मसुदा तपासायला घेतलाय.