खरेदीदार भाव विचारतो अन् आपण हात जोडतो

पोस्ट लांब आहे. सवड काढून वाचा. कुणाला झोंबली तर झोंबू द्या, मला फोन करा, पण आधी शेवटपर्यंत वाचा.

गेल्या आठवड्यात आपल्याच भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं लिंक्डइनवरचं पान पाहत बसलो होतो. नाव सांगत नाही, कारण असं पान चालवणारे ते एकटे नाहीत. पानावर काय? उद्घाटन. शाल-श्रीफळ. वृक्षारोपण. मान्यवरांचं मार्गदर्शन. पुन्हा शाल-श्रीफळ. या सगळ्या गर्दीत एकच फोटो चिन्नोरच्या पिशवीचा. त्याखाली एका माणसाने इंग्रजीत विचारलं होतं: किती क्विंटल मिळेल, पाच किलोचं पॅकिंग करता का, पुण्यापर्यंत पोहोच काय भावाने पडेल? त्याचं प्रोफाइल उघडलं. किराणा मालाच्या एका कंपनीत खरेदीचं काम पाहतो.

आपल्याकडून त्याला उत्तर काय गेलं? हात जोडलेलं चित्र. बस्स. तीन महिने झाले, जी!

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीसाठी पोस्ट लिहिता का? लिहितो. कारण चिन्नोर पिकवणाऱ्याला असा खाजगी गिऱ्हाईक मिळाला नाही तर त्याच्या तांदळाच्या वासाची किंमत कुठेच होत नाही. खरेदी केंद्रावर धानाच्या दोनच जाती आहेत, साधारण आणि अ दर्जा. २०२५-२६च्या हंगामात एकाला क्विंटलला २,३६९ रुपये, दुसऱ्याला २,३८९. सुगंधाचा रकानाच नाही त्या कागदावर! ओलावा १७ टक्क्यांच्या आत आहे का, एवढं पाहतात. चिन्नोर उंच वाढते, वारा आला की लोळते, उतारा कमी देते. मग ती लावायची कशाला? वास ओळखून जास्त पैसे देणारा कुणीतरी असेल तरच. तो माणूस सिहोऱ्याच्या बाजारात बसलेला नाही. तो पुण्यात, नागपुरात, बंगळुरात कुठल्या तरी कंपनीच्या खुर्चीत बसलाय, आणि त्याचं नाव, हुद्दा, शहर सगळं लिंक्डइनवर उघडं आहे.

आपल्या बपेऱ्यावरून नदी ओलांडली की बालाघाट जिल्हा. तिकडच्या चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भंडारा चिन्नोरलाही मिळालं आहे. नदीच्या दोन्ही काठांना मानांकन, तांदूळ तोच. पण मी मोबाइलवर चिन्नोर शोधला तेव्हा आधी बालाघाटच समोर आलं. आपलं मानांकन फ्रेममध्ये.

आणि ते मानांकन वापरायला शेतकऱ्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. त्या अर्जाची फी २०२० मध्ये ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आणली. दहा रुपये! चहाचा एक कप. तुमच्या कंपनीच्या किती सभासदांनी नोंदणी केली, हे पुढच्या सभेत विचारून पाहा.

सीईओ साहेब, आता तुमच्याशी बोलतो. केंद्राने २०२० मध्ये दहा हजार शेतकरी उत्पादक कंपन्यांची योजना काढली. त्यात व्यवस्थापन खर्चासाठी एका कंपनीला तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत आहे. सीईओच्या पगारासाठी महिन्याला २५ हजारांपर्यंत त्यातूनच मिळतात. हा पैसा पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचा नाही. गिऱ्हाईक शोधायचा आहे. तीन वर्षं संपली की ती मदत बंद होते आणि कंपनीच्या दाराला कुलूप लागतं. मग आपण म्हणतो, शेतकऱ्यांना धंदा जमत नाही.

मी हे बोललो की एक उत्तर ठरलेलं असतं. "भाऊ, लिंक्डइन नोकरी शोधणाऱ्या पोट्ट्यांचं आहे. आपलं गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर." बरोबर आहे, पण अर्धंच. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात कोण आहे? तुमचा साळा, तुमचा मावसभाऊ, तुमसरचा तोच व्यापारी, आणि मी. आम्हाला तुम्ही आधीच माहीत आहात. अनोळखी खरेदीदार तुम्हाला त्या गटात शोधायला येणार नाही. लिंक्डइनवर पान काढायला पैसे लागत नाहीत. हुद्द्याने आणि शहराने माणूस शोधता येतो. रोज दोघांना चार ओळी लिहा, महिन्यात साठ होतात. त्यातले पन्नास उत्तर देणार नाहीत. दहा देतील, त्यातला एक माल मागवेल. फेरीवाला काय वेगळं करतो?

दुसरं उत्तर, इंग्रजी येत नाही. पण लिंक्डइन हिंदीत २०२१ पासून आहे, आता मराठीतही चालतं. आणि खरेदीदाराला तुमचं व्याकरण नको आहे. त्याला हवं आहे: तांदूळ नवा की जुना, तुकडा किती टक्के, आज गोदामात किती क्विंटल, अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक, भाव, आणि फोन उचलणारा माणूस. हे लिहायला दहावी पास पुरेसा आहे. पान मात्र खरं असलं पाहिजे. दुसराच बारीक तांदूळ चिन्नोर म्हणून पाठवला तर एका ट्रकात सगळ्या तालुक्याचं नाव जातं, आणि तो खरेदीदार आपल्या ओळखीच्या दहा जणांना तिथेच सांगतो. "पाच हजार फॉलोअर मिळवून देतो" म्हणणाऱ्यांचेही फोन येतात. त्यांना एक रुपया देऊ नका. त्या पाच हजारांत भात खाणारा एकही नसतो.

आता माझी स्वतःची गोष्ट. अशा कार्यक्रमांच्या बातम्या वीस वर्षं मीच लिहिल्या. "यावेळी मान्यवर मोठ्या संख्येने उपस्थित होते." कंपनीने त्या वर्षी किती क्विंटल विकले, हे मी एकदाही विचारलं नाही. डिजिटल मार्केटिंगचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं, प्रमाणपत्रं वाटली, गट-फोटो मी काढला. त्या दिवशी एका बाईने विचारलं होतं, "सर, यातून आमचे तांदूळ कसे विकतील जी?" जेवणाची वेळ झाली होती. प्रश्न राहून गेला. बातमीत मी तो घेतलाच नाही.

म्हणून यंदा धान कापणीला आलं की मी प्रत्येक कंपनीला तीनच प्रश्न विचारणार आहे: किती विकलं, कुणाला, आणि बाजारभावापेक्षा किती जास्त मिळालं. उत्तर आलं की इथेच टाकेन. नाही आलं तर तेही टाकेन.

पुण्याच्या त्या खरेदीदाराचा प्रश्न आज सकाळपर्यंत तसाच होता. मी पाहिलं.